बिनधुराचं इंजिन आणि पलीकडचं वारूळ

शेवट आधीच सांगून टाकतो. डोंगर खाली आला, रखमाआतेच्या घराचं जोतंसुद्धा शिल्लक राहिलं नाही, आणि घर त्या दिवशी रिकामं होतं एवढ्यावर भागलं.

आता हे वाक्य खोडून टाका. आज वैशाख चालू आहे, आभाळ कोरडं आहे, डोंगर जागेवर आहे, आणि असलं काही होणार नाही हे आमच्या वाडीने एकमताने ठरवलेलं आहे. मीही तसंच धरून लिहितो.

सन १९८० च्या शिमग्यात आमच्या मावळतवाडीची सगळी माणसं डोंगराच्या सोंडेच्या चढावर जमली होती आणि एका इंजिनाच्या पाया पडत होती. पोलादपूरच्या पंपावर ‘डिझेल नाही’ ही पाटी इतके दिवस लटकत होती की तेच पंपाचं नाव आहे असं पोरांना वाटायचं. वाडीची पिठाची गिरण बंद, बायका पुन्हा जात्यावर. अशा वेळी निर्धूमानंद महाराजांचं इंजिन बांधावरच्या मोगली एरंडाच्या बियांच्या तेलावर धडधडत होतं. त्याच्या डोक्यावर चकचकीत पितळी नळकांडं होतं आणि खाली जोत्यापर्यंत झेंडूच्या माळा.

महाराजांनी पांढरं उपरणं नळकांड्यावर धरलं, गर्दीला दाखवलं. उपरणं पांढरंच.

“डिझेल म्हणजे पृथ्वीच्या पोटातलं पाप,” महाराज म्हणाले. “त्याला काळा धूर येणारच. हे झाडाचं पुण्य आहे. जे जळतं त्याचा धूर होतो, जे उजळतं त्याचा नूर होतो.”

नूर म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

महाराज दिवाळीनंतर आले होते. सोंडेच्या अगदी माथ्यावर, कुडाच्या भिंतींचा मठ बांधून राहिले. पहिलं काम त्यांनी आम्हाला सांगितलं ते चर खणायचं. डोंगराची नाडी तुंबली आहे, ती मोकळी करायची, म्हणून आमच्या अंगाने चढावरून मठापर्यंत चर खणून त्यात लोखंडी पाइप पुरायचा. आम्ही खणला, पुरला, वरून माती लोटली, नारळ फोडला आणि विसरून गेलो. दुसरं काम रानाचं. वरचं रान तोडायचं, तिथे मोगली एरंड लावायचा, फांद्यांवर बिया शिजवायची भट्टी चालवायची. “जाडं लाकूड भट्टीला चालत नाही,” महाराज म्हणाले, “ते मी आश्रमाच्या कामाला खाली पाठवतो.” त्यांचा शिष्य मुरारी ते ट्रकात भरून कशेडीच्या रस्त्याने न्यायचा. आश्रम कुठे आहे हे विचारणं उद्धटपणाचं दिसलं असतं.

फाल्गुन सरला तेव्हा डोंगराचा वरचा भाग न्हाव्याकडून आल्यासारखा दिसत होता. एरंडाची रोपं हातभर होती. उरलं होतं फक्त माझ्या रखमाआतेच्या घरामागचं रान. ते तिच्या वाट्याचं, आणि ती अंगठा देत नव्हती.

गावकीचा पुढारी रावजी रोज यायचा.

“आते, अंगठा दे न् मोकळी हो. सरकारी साहेब यायचे हायत इंजिन बघायला. तुज्या रानापायी वाडीची गिरण अडलीय.”

“माज्या घराच्या मागं भेग पडलीय. ती बघ आधी.”

“भेग उन्हानं पडते गो.”

“उन्हानं माजे पाय फुटतात. डोंगर कशानं फुटतो ता सांग.”

रावजीने विषय बदलला. “आणि ती मास्तरीण कशाला ठेवलीस घरात? तीच तुजे कान भरते.”

“ती मला रोज पेपर वाचून दाखवते,” आते म्हणाली. “तू काय दाखवतोस?”

ही मास्तरीण म्हणजे ललिताबाई, महाडच्या चवदार तळ्याच्या बाजूच्या. शाळा सोंडेच्या पायथ्याशी, आणि तिथे आमची पोरं व पलीकडच्या उगवतवाडीची पोरं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून बसायची. दोन वाड्यांचं बोलणं माझ्या जन्माच्या आधीपासून बंद आहे. कारण दोन्हीकडे कुणाला आठवत नाही, आणि विचारायचं तर बोलावं लागेल.

मी महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा होतो आणि सुट्टीत शाळेच्या ओट्यावर बसून बाईंना हसवायचा प्रयत्न करायचो. त्या हसत नसत. चैत्रातल्या एका दिवशी तर मुळीच नाही, कारण उगवतवाडीची अर्धी पोरं खोकत होती आणि त्यांच्या कपाळावर काळ्याकुट्ट रेघा होत्या.

“चांगू, कपाळाला काय लावलंस?” त्यांनी त्यातल्या एकाला विचारलं.

“अंगारा,” चांगू म्हणाला. “आमच्या वारुळातला देव श्वास सोडतो. त्याचा.”

“कधी सोडतो?”

“पलीकडं इंजिन वाजलं का.”

बाईंनी खडू खाली ठेवला. “मग देवाचा आणि इंजिनाचा काही संबंध असेल?”

“नाय बाई,” चांगू म्हणाला. “आमी त्यांच्याशी बोलत नाय.”

शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन उगवतीच्या अंगाला वर गेल्या. माणसाएवढं वारूळ, त्याच्या तोंडाशी हळदकुंकू, आणि आजूबाजूची पानं काळी पडलेली. राखणीला आनंदीबाई बसल्या होत्या, मांडीवर नातू. नातवाचे डोळे सुजून मिटले होते. श्वास घेताना त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती.

“इथं पाइप पुरला होता का हो, आनंदीबाई?” बाईंनी विचारलं.

“पुरला की. महाराजांनी सांगितलं, नागदेवाला वाट करून द्यायची. आमच्या पोरांनी मठापासनं खाली हितवर चर खणला.”

मी आणि बाईंनी एकमेकांकडे पाहिलं. अर्धा चर आम्ही खणला होता, अर्धा त्यांनी. मधे मठ.

बाईंनी वारुळाच्या तोंडाला बोट लावलं. काळं, तेलकट.

“देव विडी ओढतो काय?” मी म्हणालो.

“देव मोगली एरंड पितोय,” बाई म्हणाल्या, आणि आनंदीबाईंकडे वळल्या. “हा अंगारा लावल्यावर पोर बरं झालं?”

“रडायचं थांबलं बाय.”

“थांबलं, की रडायला दम उरला नाही?”

आनंदीबाईंनी नातवाच्या छातीला कान लावला. खाली मुरारीचा ट्रक खडखडत उतरत होता, ऐनाचे आणि किंजळाचे बुंधे मागून बाहेर आलेले.

साहेब यायचा दिवस ठरला तो वैशाखातला. त्याच दिवशी सगळ्यांसमोर रखमाआतेचा अंगठा घ्यायचा, असं रावजीने पक्कं केलं. आदल्या संध्याकाळी आतेने मला घरामागे नेलं. महिन्यापूर्वी ज्या भेगेत तिचं बोट जायचं त्या भेगेत आता हात जात होता, कोपरापर्यंत. तिने हात बाहेर काढला तर तो ओला होता. वैशाखात.

“वरची झाडं पाणी पीत होती रे,” ती म्हणाली. “आता ता आत उतरतं. माज्या खाली.”

मी सोंड ओलांडून बाईंना सांगायला गेलो.

बाई तेव्हा उगवतवाडीत होत्या. त्यांनी तिथे काही लपवलं नाही. सरळ सांगितलं, “तुमच्या देवाचं तोंड उद्या मातीने लिंपलं तर पलीकडचं इंजिन बंद पडेल. नाही पडलं तर मी देवाची माफी मागते.” मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. पण म्हातारा काशीराम थोडा विचार करून म्हणाला, “मावळतवाडीचं इंजिन बंद पडत असंल तर देव एक दिवस उपाशी ऱ्हाईल.” आनंदीबाई नातवाला दुसऱ्या बाईकडे देऊन ओली माती कालवायला बसल्या. शत्रुत्वाचा विवेकाला एवढा उपयोग मी आजवर पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपने पायथ्याशी आले आणि खुर्चीवर बसवून वर आणले गेले. महाराज इंजिनाच्या वर, मठाच्या दारात व्याघ्रासनावर बसले. वाघ नव्हता, सतरंजीवर पट्टे काढले होते. इंजिन चालू झालं. मुरारीने उपरणं धरलं, पांढरंच राहिलं. साहेबांनी मान डोलावली. रावजीने आतेपुढे शाईचा पॅड धरला.

“माते,” महाराज गोड आवाजात म्हणाले, “झाड जातं, तेल येतं. तेलातून नवं झाड येतं. हे चक्र आहे.”

“आनि चक्र फिरत ऱ्हाईस्तोवर डोंगर कोन धरून बसनार?” आते म्हणाली.

तेवढ्यात इंजिनाला उचकी लागली.

एक, मग दुसरी. मग ते म्हशीसारखं अंग झाडायला लागलं. झेंडूच्या माळा गळून पडल्या. आणि महाराजांच्या सतरंजीखालून, जिथे आमचा पाइप आणि उगवतवाडीचा पाइप जोडला होता, तिथून काळाभोर धूर फुटला. आधी मांडीपर्यंत, मग दाढीपर्यंत.

गर्दीने हात जोडले. “महाराज पेटले,” कुणीतरी भक्तीने म्हणालं. एका बाईने त्यांच्या दिशेने कापूर फेकला.

महाराजांनी बराच वेळ तोंडावर शांती ठेवली. मग खोकल्याने त्यांचा पराभव केला. “मुरारी, बंद कर रे, आईच्या...” ते म्हणाले, आणि पुढचं संस्कृत नव्हतं. इंजिन धापा टाकत आपणच बंद पडलं.

धूर निवळला तेव्हा आसन होतं, महाराज नव्हते. काही लोकांनी यालाही हात जोडले. खालून ट्रक चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा त्यातल्या अर्ध्यांनी हात सोडले.

बाई सोंड ओलांडून आमच्या बाजूला आल्या, मागून काशीराम, आनंदीबाई आणि हात मातीने भरलेली सगळी उगवतवाडी. बाईंनी पितळी नळकांडं उपटून उलटं केलं. त्याचं बूडच बंद होतं. ते नुसतं वर बसवलं होतं. मग फावड्याने जोत्याची माती ओढली. इंजिनाचा खरा पाइप जमिनीत जाऊन आमच्या चराला मिळाला होता.

“म्हणजे तेल खोटं,” रावजी म्हणाला.

“तेल खरं आहे,” बाई म्हणाल्या. “असलं इंजिन कुठल्याही बियांच्या तेलावर चालतं, त्यात देव लागत नाही. बांधावरचा एरंड वेचा, तेल काढा, दिवे लावा, गिरण चालवा. खोटं होतं ते त्याला धूर नाही म्हणणं. तुमच्या दारात दिसला नाही, कारण तो यांच्या पोरांच्या छातीत गेला. आणि खोटं होतं ते याला झाडाचं पुण्य म्हणणं. रखमाआते, एक डबा तेल शिजवायला किती लाकूड गेलं?”

आतेने वरच्या बोडक्या डोंगराकडे बोट केलं आणि ते खाली घेतलंच नाही. सगळे तिकडे बघायला लागले. मला वाटतं, त्या दिवशी आमच्या वाडीने तो डोंगर पहिल्यांदा पाहिला. इतके दिवस त्याच्यासमोर इंजिन उभं होतं.

कोणी म्हणालं अमुक गोष्टीला धूर नाही, तर तो कुठे गेला ते विचारा. पलीकडच्या माणसाशी बोलून विचारा. कोणी म्हणालं हे झाडाचं आहे म्हणून हिरवं आहे, तर त्याच्यासाठी काय तोडलं ते जाऊन बघा. एवढं करायला आम्हाला दिवाळी ते वैशाख लागले, आणि तेवढ्यात रान गेलं. महाराजांना हाकलता येतं. झाडांना परत बोलावता येत नाही.

साहेबांनी उतरताना वहीत ‘किरकोळ तांत्रिक बिघाड, प्रयोग इतरत्र राबवण्यायोग्य’ असं लिहिलं. दोन्ही वाड्या सध्या बोलतात. मुख्यतः चूक कुणाची होती यावर. आनंदीबाईंचा नातू महाडच्या डॉक्टरांकडे आहे, डोळे उघडतो. आतेने अंगठा दिला नाही आणि तिचं रान उभं आहे. पण त्याच्या वरचा डोंगर उघडा आहे, आणि काल भेगेत मी काठी घातली ती परत आली नाही. बाईंनी आतेची भांडी आणि वळकटी शाळेत हलवली आहे. आते दिवसा घरी जाऊन जमीन सारवते. म्हणते, घर आहे तोवर सारवायला नको का.

रावजीने मला अर्ज लिहायला सांगितला. माझं अक्षर बरं आहे. तो सोबत जोडत आहे.

मेहेरबान साहेबांचे सेवेशी,
अर्जदार मावळतवाडी व उगवतवाडी येथील समस्त ग्रामस्थ यांजकडून सविनय विनंती अर्ज ऐसा जे, मौजे मजकूर येथील डोंगरावरील रान अनवधानाने तुटलेले असून नवीन झाडे लावण्याचे काम हाती घेतले आहे. सदर झाडांची मुळे डोंगर धरण्यास पुरेशी होईपर्यंत यंदाचा व पुढील काही वर्षांचा पाऊस आमच्या हद्दीपुरता तहकूब ठेवण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास, निदान रखमाबाईंचे घर सारवून होईपर्यंत तरी थांबण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती.