रोझेरची पाठ

“गेला, गेला, गेला! भिंतीला घासला रे! चाक बघ कसं लोंबतंय… अरे, बघू नकोस, मी नुसतं सांगतेय!”

योलांद ओरडली. रोझेर बघणार नव्हताच. शुक्रवारचा सराव सोडा, इतक्या वर्षांत मुख्य शर्यतीतही त्यानं कधी मागं वळून पाहिलेलं नव्हतं.

मोंट्रियलच्या बेटावरच्या मोटारशर्यतीत आम्हा झेंडेवाल्यांच्या जोड्या असतात. एक जण येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, मागच्या वेगवान गाडीला वाट द्या असं सांगणारा निळा झेंडा धरतो. दुसरा गाड्यांकडे पाठ करून पुढचा रस्ता पाहतो आणि काही वेडंवाकडं दिसलं की पिवळा हलवतो. पिवळा हलला की कुणी कुणाला मागे टाकायचं नाही. गाड्या पाठीमागून तीनशेच्या वेगानं येत असतात. निळ्यानं खांदा ओढला की पिवळ्यानं विचार न करता खाली बसायचं. अशी जोडी जमायला लग्नापेक्षा जास्त वेळ लागतो आणि ती टिकतेही जास्त. मधल्या काळात योलांदनं दोन नवरे बदलले, पण रोझेर तोच ठेवला.

रोझेर पालिकेची बर्फ ढकलणारी गाडी चालवून निवृत्त झाला होता. आयुष्यभर त्याला सगळ्यांनी मागे टाकलं. आणि ज्या वळणावर जगातले सर्वांत वेगवान लोक एकमेकांना मागे टाकतात, तिथली सर्वांत जवळची जागा त्याला फुकट मिळाली होती. तिथं उभा राहून तो उलट्या दिशेला पाहायचा.

संध्याकाळी ओदिलों जेवणाची खोकी घेऊन आला. तो आमच्या वळणाचा प्रमुख, एरवी दंतवैद्य. त्यामुळे वाईट बातमी देताना त्याचा आवाज आपोआप मऊ व्हायचा.

“रोझेर, डोळे तपासले ना तुझे… डाव्याचा पडदा चाललाय म्हणतात.”

“उजवा आहे की.”

“नियम दोन्हींचा आहे, बाबा. हा रविवार तुझा. पुढच्या वर्षी तुला पार्किंगमध्ये घेऊ.”

“तिथं काय करायचं?”

“गाड्या थांबवायच्या.”

“थांबायलाच आलेल्या?”

ओदिलोंनं खोकं त्याच्या हातात दिलं. आत हॅमचं सँडविच होतं आणि एक सफरचंद. रोझेरनं दोन्हींतलं काही खाल्लं नाही.

रविवारी शर्यतीच्या तोंडावर पाऊस कोसळला. सुरुवातीलाच तिघं भिंतीत गेले. मग ऊन आलं, ट्रॅकवरून वाफा निघू लागल्या, आणि सगळे एकदम टायर बदलायला धावले. या गोंधळातून फिनलंडचा एक थंड डोक्याचा गडी पुढे निघाला. त्याच्या मागे आमचा गार्नो. आमचा म्हणजे नदीच्या पल्याडचा, शेजारणीच्या पोरासारखा. समोरच्या स्टँडमध्ये लोकांनी त्याच्यासाठी तोंडं निळी-पांढरी रंगवली होती. पावसानं ती ओघळली होती, पण घसे शाबूत होते.

“रोझेर, ऐक,” योलांद पाठीला पाठ लावून म्हणाली. “शेवटची वेळ आहे तुझी. गार्नो इथंच घुसणार. एकदा वळून बघ. तुझ्या बाजूला मी बघते.”

“आणि तुझ्या बाजूला कोण?”

“देव!”

“रविवार आहे. तो चर्चमध्ये असेल.”

दोन फेऱ्या उरल्या. दोन इंजिनांचा आवाज एकात एक मिसळून सरळ रस्त्यावरून येऊ लागला. स्टँड उभा राहिला. योलांद नियमबियम विसरून नाचायला लागली.

“आला! आतून घुसतोय! फिनलंडवाला बावचळला! रोझेर, बघ, मेल्या, आत्ता बघ!”

रोझेरची मान हलली. मी पलीकडच्या चौकीवरून पाहत होतो; हनुवटी खांद्यापर्यंत आलेली मला दिसली. तिथून ती परत फिरली. वळणाच्या तोंडाशी, जिथून गाड्या बाहेर पडतात तिथं, काहीतरी तपकिरी होतं.

त्यानं पिवळा हलवला. दोन्ही हातांनी, कुणीतरी बुडत असल्यासारखा.

गार्नो अर्धा पुढे गेला होता. त्यानं ब्रेक मारला, टायर किंचाळले, आणि तो मुकाट मागे झाला. फिनलंडचा निघून गेला.

आमच्याकडे राग आला की शिव्या देताना लोकांना चर्चमधल्या वस्तू आठवतात. त्या दुपारी समोरच्या स्टँडनं पेल्यापासून वेदीपर्यंत एकही वस्तू जागेवर ठेवली नाही. वरून एक ओली टोपीही आली.

ओदिलों धावत आला. “काय होतं? वरून विचारतायत!”

“तपकिरी काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे?”

“झुडपात गेलं.”

“कॅमेऱ्यात काहीच नाही, रोझेर! सगळे कॅमेरे गार्नोवर होते!”

“मग बरोबर आहे,” रोझेर म्हणाला. आणि पुन्हा पुढे पाहू लागला.

शर्यत संपली. गार्नो दुसरा. त्यानंतरच्या सावकाश फेरीत सगळे झेंडेवाले कडेला येऊन हाताला लागतील ते झेंडे हलवतात. रोझेरही हलवत होता, पण तोंड पुढेच. गार्नोची गाडी आमच्या वळणावर रांगायला लागली. त्यानं दोन्ही हात बाहेर काढले आणि केवढं होतं ते दाखवलं: गुबगुबीत मांजराएवढं. मग हेल्मेटपुढे दोन बोटं धरली. दात.

“मार्मोट!” योलांद किंचाळली. बेटावर बिळं करून राहणारी ही जनावरं. शर्यत म्हणजे त्यांच्या मते आगंतुक पाहुण्यांचा उच्छाद. “ओदिलों, पाहिलंस? गार्नोनं पाहिलं होतं! अरे, त्या बेट्याची चटणीच झाली असती गाडीखाली, आणि पोरगं भिंतीत! रोझेर, तुला दाखवून गेला तो!”

“मागच्या गाड्या यायच्यात अजून,” रोझेर म्हणाला.

सगळ्या गेल्यावर ओदिलों खाकरला. त्याचा मऊ आवाज परत आला होता. “मी बोलून बघतो. एका वर्षाची सवलत…”

“मला मार्मोट दिसलं नव्हतं,” रोझेर म्हणाला. “तपकिरी दिसलं. कागदी पिशवीही असती.”

“मग एवढा हलवलास कशाच्या जोरावर?”

“ओळखू आलं नाही म्हणून.”

रोझेरनं पिवळा झेंडा काठीला नीट गुंडाळला आणि योलांदच्या हातात दिला. मग तो सावकाश मागं वळला.

जिकडून गाड्या यायच्या तिकडे लांबलचक रस्ता होता. ओला, काळा, सबंध रिकामा. रोझेर तो उजव्या डोळ्यानं पाहत राहिला.

त्याच्या पाठीमागे झुडपातून मार्मोट बाहेर आलं, ट्रॅकच्या मधोमध मागच्या पायांवर बसलं आणि मिशा पुसू लागलं. योलांदनं झेंडा उलगडला आणि हलवायला लागली, अगदी नियमाप्रमाणे.

कापडाची फडफड रोझेरला ऐकू आली. “काय गं?”

“काही नाही,” योलांद म्हणाली. “तू बघ तिकडे. इकडे मी आहे.”