पहिलं शील

आईच्या पुण्यानुमोदनाला पंचशील आपणच देणार, असं बाबांनी सकाळी दाढी करता करताच जाहीर केलं. मी म्हटलं, आज पहिलं शील तुम्ही म्हणायचं नाही, आईने तसं सांगून ठेवलंय. ते आरशातच हसले.

"चाळीस वर्षं मी शील देतोय. बायको गेली म्हणून रजा टाकू?"

खडकीच्या आमच्या विहारात भन्ते महिन्यातून एकदा येतात. एरवी बाबा पुढे बसून म्हणतात आणि लोक त्यांच्यामागून. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला, पांढऱ्या सदऱ्यातला, खणखणीत आवाजाचा माणूस. त्यांचं 'पाणातिपाता' ऐकलं, जीवहिंसा करणार नाही ही प्रतिज्ञा ऐकली, की वाटावं यांनी आयुष्यात मुंगी मारली नसेल. मुंगी खरंच मारली नाही.

आई सातवी शिकलेली. शिवणकाम करायची. विहारात राहायला आलेल्या एका सिंहली भन्तेंकडून पाली शिकली आणि बोलता बोलता त्यांची भाषाही उचलली. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून ती पडद्यांवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग शिवायची. त्या पडद्यांमुळे तिला कोलंबोहून, बँकॉकहून, क्योटोहून बोलावणी येऊ लागली. इंग्रजी तिने विमानतळांवरच पक्कं केलं. खडकी बाजारात मटारवाल्याशी बोलावं तितक्या सहज ती साहेबलोकांशी बोलायची. बाबांना नेमकं तेच सोसत नव्हतं.

मंडालेचं बोलावणं आलं तेव्हा मी दहावीत होते. बाबांनी तिचा उजवा हात धरून चौकटीत ठेवला आणि खांदा लावून दार दाबलं. हाडाचा आवाज मी ऐकला. माझा धाकटा भाऊ आनंद कानांवर हात ठेवून मोरीत जाऊन बसला. दवाखान्यात आईने वाऱ्याने दार आपटलं असं सांगितलं. मे महिना होता, वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी डॉक्टरांनी लिहून घेतलं. रिक्षात मी रडत होते तर म्हणाली, "बोटं मोडलीत, दीपे. पाय शाबूत आहेत." अकराव्या दिवशी प्लास्टरसकट ती मंडालेला गेली.

दोन बोटं वाकडीच राहिली. तिने डाव्या हाताने टाके घालायचा सराव केला आणि त्या हाताने सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा पडदा वर्षभर शिवला. बाबांनी तो एका दुपारी कात्रीने उभा चिरला. घर सोडून जायची चित्रं माझ्या घरात नकोत, म्हणाले. आई आडवी गेली तेव्हा कात्री तिच्या खांद्यात घुसली. जमिनीवरचं रक्त मी पुसलं. पुढे तिने तो पडदा पुन्हा जोडला.

एवढं होऊन रोज पहाटे ती मैत्रीभावना करायची, एकेकाचं नाव घेऊन भलं चिंतायची, आणि त्यात पहिलं नाव बाबांचं. मला ते कधीच पटलं नाही. सोडून का जात नाहीस, असं विचारलं तर म्हणायची, आधी तुमच्या शाळा होत्या, नंतर सवय झाली. मला बाबांपेक्षा तिचाच राग जास्त यायचा. आजही येतो.

पण शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिने मला जवळ बोलावलं. "माझ्या पुण्यानुमोदनाला पाणातिपाता ह्यांच्या तोंडून नको. बाकीची चार म्हणू देत." उभ्या जन्मात तिने माझ्याकडे तेवढंच मागितलं.

विहार भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. समितीचे अध्यक्ष म्हणाले, महिपतरावांनी मोकळीक दिली म्हणून मालनताई इतकं जग पाहू शकल्या. लोकांनी माना डोलावल्या. मी हलले तशी आनंदने माझी ओढणी धरली. "ताई, आजचा दिवस जाऊ दे ना." असे दिवस जाऊ देण्यातच तो चाळिशीला आला होता.

बाबा आईच्या फोटोपुढे बसले, हात जोडले. त्रिशरण झालं. त्यांनी श्वास घेतला आणि मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, हे शील तुम्ही म्हणू नका. आईची बोटं तुम्ही दारात चिरडली होती."

ते उठले. मला वाटलं, बोलतील. त्यांनी हात उगारला आणि माझ्या तोंडावर मारला. सत्तरी उलटलेल्या माणसाचा हात, पण सवयीचा. माझं डोकं खांबावर आदळलं, तोंडात रक्त आलं. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा आनंदने मागून त्यांचा दंड पकडला. त्याने सोडलं नाही.

मग पहिल्या रांगेतल्या कांताबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. आईबरोबर श्रीलंकेला जाऊन आलेल्या, तिच्याकडूनच पाली शिकलेल्या. त्या बाबांना म्हणाल्या, "तुम्ही मागे बसा, महिपतराव. आमच्या मागून म्हणा."

बाबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष चटईकडे पाहत होते. बाबा मागे गेले, शेवटच्या रांगेत बसले.

कांताबाईंचा आवाज बारीक, त्यांनी ते पद सावकाश म्हटलं. सगळ्यांनी मागून म्हटलं. मीही म्हटलं. पाणातिपाता म्हणताना ओठ दोनदा मिटावे लागतात. दोन्ही वेळा रक्ताची चव लागली.