दाजींचा नवा स्वभाव

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं पॉलिशवाल्याचं ठाम मत होतं, आणि दाजींची खोड तर त्याच्या ताईच्या भुवईवर कायमची उमटली होती. रागाच्या भरात दाजींनी भिरकावलेलं ताट तिथं लागलं, त्याच दिवशी ताई भावाकडे निघून आली. आता दाजी प्रार्थनासभेला जाऊ लागले होते, आपण बदललो म्हणत होते, आणि परत जावं की नाही या विचारात ताई पडली होती.

"त्यांना तुझ्या फर्निचरच्या कारखान्यात कामाला ठेव," ती भावाला म्हणाली. "दिवसभर तुझ्या नजरेखाली राहतील. मग तू सांगशील तसं करीन."

ठेवलं. पण नजर कसली, पहाराच तो! किडक्या फळीची भोकं मेणानं बुजवायची, वर पॉलिशचे हात मारायचे, की गिऱ्हाईक त्यात आपलं तोंड बघून खूश. हे पॉलिशवाल्यानं स्वतः कितीदा तरी केलं होतं. त्यामुळे दाजींचा शांत चेहरा पाहिला की त्याला मेणाचाच वास यायचा.

"काय शिकवतात हो तुमच्या सभेत?" त्यानं एकदा खोचकपणे विचारलं.

दाजी खुर्चीचा पाय घासत होते. "येशूनं लोकांना सांगितलं, हात न धुता जेवल्यानं माणूस अशुद्ध होत नाही. घाण मनातून बाहेर येते. शिष्यांनाही कळलं नाही म्हणे. घरात गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं."

"आणि तुम्हाला लगेच कळलं!"

"छे. मी अजून विचारतोच आहे."

इतकं गोड उत्तर! पॉलिशवाल्याचा संशय आणखीच बळावला. दुसऱ्या दिवशी दाजी पाणी प्यायला गेले, तेव्हा पॉलिशवाल्यानं त्यांनीच चकचकीत केलेल्या टेबलावर खिळ्यानं लांब ओरखडा मारला. गिऱ्हाईक आल्यावर सगळ्यांदेखत त्यांना फैलावर घेतलं. ज्याला बायको सांभाळता आली नाही तो टेबल काय सांभाळणार, असंही म्हणाला.

दाजी लालबुंद झाले. मूठ वळली, वर आली आणि पॉलिशवाल्याच्या नाकापाशी थांबली. मग ते तडक बाहेर निघून गेले. बऱ्याच वेळानं परतले, सँडपेपर घेतला आणि मुकाट्यानं टेबल घासायला बसले.

संध्याकाळी पॉलिशवाला घरी आला तेव्हा ताई त्याच्या लेकीची वेणी घालत होती. त्याची बायको वारल्यापासून हे घर ताईच्याच जिवावर चाललं होतं.

"आज त्यांनी माझ्यावर हात उगारला," तो म्हणाला. "काही कारण नसताना. तू जाऊ नकोस."

"ठाऊक आहे. दुपारीच येऊन सांगून गेले. 'मूठ वर गेली, मी अजून पुरता बरा झालो नाही, इतक्यात येऊ नकोस,' म्हणाले." ताईनं रिबन बांधली. "टेबलावरच्या ओरखड्यावरून झालं, एवढंच बोलले. कुणी मारला विचारलं, तर 'टेबल घासायचंय' म्हणत निघून गेले. कुणी मारला रे?"

लेक वळून बापाकडे बघत होती.

"मी."

"का?"

"तू इथेच राहावीस म्हणून," तो म्हणाला, आणि हे त्यानंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.