वनमाला मोटर ट्रेनिंग स्कूल

आमच्या गाडीच्या टपावरच्या पिवळ्या पाटीवर माझं नाव आहे. लग्न झालं तेव्हा यांनी हौसेने स्कूलला दिलं. अर्ध्या मुलुंडला त्या नावाने गाडी शिकवली. मी मात्र मार्केटला जायची ती रिक्षाने. शेजारच्या जयाने एकदा चारचौघींत विचारलं, "काय गं, गाडीवर नाव तुझं आणि फिरतेस रिक्षाने?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन जाहीर केलं, मी लायसन्स काढणार.

झालं! मला शिकवणार कोण, यावरून बापलेकात जुंपली. त्यांना भांडायला काहीही पुरतं. आमचे हे, म्हणजे चंद्रप्रकाश, स्कूलचे मालक. आमचा सर्वेशही आता त्यातच आहे.

"बाबा, तुम्ही एवढं ओरडता, आई घाबरेल ना."

"आणि तुझ्या गाडीमागे ट्राफिक तुंबतो त्याचं काय? तुझ्याकडे शिकली तर वाट लागली!"

शेवटी मी वार वाटून दिले. एक दिवस बाप, एक दिवस लेक.

शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. यांच्या तासाला गाडी लोण्यासारखी जायची. सर्वेशच्या तासाला दर सिग्नलला बंद पडायची. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. हा शहाणा हाताची घडी घालून बसायचा. "वाजवू दे, आई. तू परत चालू कर." मला रडू यायचं आणि त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. संध्याकाळी हे टेचात म्हणायचे, "माझ्याकडे एकदा तरी बंद पडते का, विचार तिला!" मलाही ते पटायचं.

टेस्टच्या दिवशी दोघंही आले. शेजारी बसण्यावरूनही वाद झाला, पण मालकीच्या जोरावर हे बसले. इन्स्पेक्टर मॅडम मागे बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पाय वर घ्या."

यांचा चेहरा उतरला. "वर कुठे घेऊ, मॅडम?"

"मांडी घाला."

पूजेला बसल्यासारखे हे सीटवर मांडी घालून बसले. मी क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांच्या तासाला गाडी मी चालवतच नव्हते! क्लच यांचा, ब्रेक यांचा. मी आपली स्टिअरिंग धरून मिरवत होते. असा संताप आला की यांना तिथेच खाली उतरवावंसं वाटलं.

"अजून एक चान्स देते," मॅडम म्हणाल्या.

मी दीर्घ श्वास घेतला. क्लच सावकाश सोडत आणला आणि गाडी थरथरली तिथे पाय थांबवला. ही युक्ती मी त्या हॉर्नच्या कल्ल्यात शिकले होते. गाडी निघाली. आठचा आकडा झाला. चढावर थांबवून पुन्हा काढली, तसूभरही मागे गेली नाही. रिव्हर्सला मात्र यांचंच ओरडणं कानात होतं, "मान वळव, मान!" मी मान वळवली.

"पास," मॅडम म्हणाल्या. मला रस्त्यातल्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

बाहेर सर्वेशने विचारलं, "बाबा, क्लच तुम्हीच दाबायचात ना?"

हे टपावरच्या पाटीची धूळ पुसत म्हणाले, "मागून हॉर्न वाजले की शिकणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं रे. मला नाही बघवत. पण चढावर तिने झकास काढली. ते तुझं काम. मला नसतं जमलं."

एवढ्या वर्षांत यांनी लेकाचं तोंडावर कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सर्वेशने मान खाली घातली. "रिव्हर्स तुमचा होता, बाबा." माझा ऊर भरून आला. माझी ही दोन माणसं, दोघंही नंबर एक मास्तर.

"रिव्हर्सच खरा अवघड," हे म्हणाले.

"काहीही काय! चढ अवघड!"

"तू मला शिकवतोस?"

भांडत भांडतच दोघं गाडीत बसले. मी स्टिअरिंगवर बसले, आरसा नीट केला आणि म्हटलं, "गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही."

दोघंही गप्प झाले. हायवेला लागल्यावर मी चौथा गिअर टाकला.