रोज्याची नियत

पेन्सिलीचं टोक झिजत आलं होतं, म्हणून ‘नियत’ या शब्दाखालची रेघ आधीच्या ‘तौहीद’ आणि ‘जकात’ या इस्लामी शब्दांखालच्या रेघांपेक्षा जाड उमटली. एस्तेरने तेवढा शब्द न वाचता पान उलटलं.

रोह्याच्या चर्चमध्ये ती बायबलबाई होती. ती उपदेश करायची, आजाऱ्यांकडे जायची. पण पाळकपदाची दीक्षा नसल्यामुळे तिला प्रभुभोजनाचा भाकर-द्राक्षारसाचा विधी करता येत नसे; त्यासाठी मंडळीला पेणहून पाळक येण्याची वाट बघावी लागे. बायकांना दीक्षा मिळू लागून बरीच वर्षं झाली होती. मंडळीने तिला दीक्षेचा अर्ज करायला सांगितलं, तेव्हापासून ती “आधी परीक्षा होऊ दे” म्हणत होती. धर्मशास्त्राची ती परीक्षा आता उद्यावर आली होती. तिच्यात इस्लामवरही प्रश्न येणार होते, म्हणून शेजारची अनीसा तिची उजळणी घेत होती.

“नियत सोडलीस गो,” अनीसा म्हणाली.

“मनातला इरादा. येतंय मला.”

“मनातलाच, व्हय. पण आमची अम्मी पहाटे सहरीचं खाणं झालं की नियत आम्हा पोरांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायची. नायतर दुपारी भूक लागली की पोरं म्हणणार, मी कुठं रोजा धरलाय?”

एस्तेर हसली.

“बरं, चर्चमधल्या बायकांच्या दीक्षेवरचा प्रश्न?”

“तो तर पाठ हाय.”

“पाठच करत बस. तूपण त्या पोरांतलीच.”

एस्तेरने पुस्तक मिटलं. मग ओटीवर बसलेल्या अनीसाच्या सासूलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, “मी पाळक होणार. दीक्षेचा अर्ज करतेय.”