डोक्यासाठी निघाले, गुडघ्यात पोचले

मित्रांनो, बाटलीच्या तळाशी उरलेली मी एक जुनी, पिवळी पडलेली कॅप्सूल आहे. एकेकाळी आम्हा बहिणींचा फार बोलबाला होता.

माझा जन्म बॉस्टनजवळच्या एका प्रयोगशाळेत झाला. मेंदूत झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. विसरण्याचा आजार जडला की त्या चवताळतात, कचऱ्याबरोबर घरही झोडपतात आणि मेंदू सुजतो. त्यांना शांत करणे हे माझे काम. डॉक्टर व्हिटकोम यांनी आमचे औषध सुईने थेट विसराळू उंदरांच्या मेंदूत सोडले. उंदीर वाट चुकेनासे झाले. लगेच केक कापला गेला! गिळलेले औषध मेंदूत शिरते का, हे एवढ्या शिकलेल्यांत एकानेही विचारले नाही. नाही शिरत, मित्रांनो. मेंदूच्या दारावरचा पहारा आम्हाला उभेही करत नाही. देव त्या मंडळींना क्षमा करो, मला तर जमत नाही.

प्रयोगासाठी आम्हाला न्यू बेडफर्ड बंदरातल्या डोलोरेस आजींकडे धाडले. जन्मभर मासे साफ केलेल्या या आजी मुलीला विसरल्या होत्या. जपमाळेचा मणी मात्र चुकत नसत. मुलगी फर्नांडा मोठ्या आशेने आम्हाला सुपाबरोबर भरवी. आम्ही डोक्याच्या दारातून परत फिरलो आणि आजींच्या सुजलेल्या गुडघ्यांत जाऊन बसलो. तिथली सूज उतरली. आजी काठी टाकून चालू लागल्या.

डॉक्टर हरखले. "बघा, काय उत्साह आलाय! मेंदू जागा होतोय."

"पण डॉक्टर, आई मला अजून शेजारीणच समजते."

"धीर धरा हो. चालतायत ना?"

चालत होत्या खऱ्या! एका दुपारी फर्नांडाची पाठ वळताच आजी कडाक्याच्या थंडीत अनवाणी धक्क्यावर पोचल्या. एका कोळ्याने धरले नसते, तर पाण्यातच गेल्या असत्या.

"सोड मेल्या, कामाला उशीर होतोय!" असे त्यालाच ओरडल्या.

फर्नांडाने डॉक्टरांना फोन केला. "मी औषध बंद करतेय."

"छे छे! कामावर निघाल्या, म्हणजे आठवणी परततायत!"

"मग उद्यापासून तिच्यामागे तुम्ही पळा!" तिने फोन आपटला आणि आमची बाटली फडताळात ढकलली.

गुडघे पुन्हा सुजले. खुर्चीतून उठताना आजी कळवळू लागल्या. दुखणे थांबवावे तर आई भटकणार, न थांबवावे तर रडणार. शेवटी फर्नांडाने गावातल्या डॉक्टरीणबाईंकडून गुडघ्याची साधी गोळी आणली, दुपारची नोकरी सोडली आणि आईचा हात धरून तीही चालू लागली.

"बाई, तू कुणाची गं? रोज येतेस माझ्यासोबत," आजी विचारतात.

"तुमच्याच घरची."

"मग जेवूनच जा हो."

मित्रांनो, उद्या कदाचित मेंदूच्या त्या दारातून आत जाणारे औषध निघेलही. पण घरात कुणी विसरू लागले, तर त्याला आमच्या हवाली करून मोकळे होऊ नका. हात धरून चालणे आजवर कोणत्याच कॅप्सूलला जमलेले नाही.