फेटा घातलेला आवाज

बैलगाडी शर्यतीच्या माळावर युवराजनं माइक हातात घेऊन नुसतं "आलीऽऽ आली गाडी" म्हटलं, की निपाणी भागातली माणसं हातातला चहा तसाच ठेवून पुढं सरकायची. हे माणसांचं झालं. बैलांचं प्रकरण वेगळं होतं. युवराजचा आवाज चढला की गाडीवान शेपूट पिरगळतो, हे भागातल्या यच्चयावत बैलांना पाठ झालं होतं. पुढं पुढं शेपटीला हात लावायचीही गरज उरली नाही. आवाज आला की बैल सुटला. माळावर हे सोन्यासारखं होतं. बाजारात, रस्त्यात आणि भर पेरणीत मात्र बिचाऱ्या युवराजला तोंड मिटून हिंडावं लागे.

आणि त्याला बायको हवी होती ती नेमकी मारुतीरावांची लेक पूर्णिमा. मारुतीराव म्हणजे शामूचे मालक, आणि शामू म्हणजे भागातला पहिल्या नंबरचा बैल. तो अंगणातच बांधलेला असे. मागणी घालायला पाहुणे आले, सतरंजीवर बसले, पोहे झाले, आणि पोराला लहानपणापासून ओळखत असूनही मारुतीरावांनी रीत म्हणून विचारलं, "नाव काय रं तुझं?"

युवराजनं अगदी हळू सांगितलं. तरी व्हायचं ते झालंच. शामू खुंटा उपसून, सतरंजी तुडवून, पाहुण्यांच्या चपला उडवत जो निघाला, तो कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात जाऊन थांबला. संध्याकाळी टेम्पोतून परत आला.

"पोरगं गुणाचं हाय," मारुतीराव म्हणाले. "पर जावई म्हणून घरात आला की पाणी बी खुणेनं मागणार व्हय? लगीन ठरवू, न्हाय म्हणत न्हाय. आदी बैलाचं काय तरी करा. आणि अक्षता पडायच्या आत मांडवात काय बी उधळलं, तर सोयरीक तिथंच मोडली."

युवराजनं मान डोलावली. बोलायची सोयच नव्हती.

पूर्णिमा टिळकवाडीतल्या कॉलेजात बी.एड. करत होती आणि शिकणं म्हणजे काय, हाच तिचा पेपर होता. ती म्हणाली, "आप्पा, शामूचा दोष न्हाय. त्याचं अभिसंधान झालंय, आवाज आणि पिरगळणं डोक्यात एकत्र बसलंय."

"औषध हाय का त्याला?"

"हाय. यांनी रोज गोठ्यात बसून बोलायचं आणि शेपटीला कुणी हात लावायचा न्हाय. आवाजामागनं काहीच येत न्हाय असं दिसलं, की शामू इसरंल."

युवराज रोज संध्याकाळी गोठ्यात येऊन बसू लागला. मारुतीराव दावं मुठीत धरून गव्हाणीवर बसत. पहिल्या शब्दाला बैल उसळे आणि त्याच्याबरोबर मारुतीरावही उसळत. पण बोलायचं काय? माइकशिवाय बोलायची युवराजला सवय कुठली असायला. शेवटी तो मनातलंच सांगू लागला. आईच्या गुडघेदुखीचं सांगितलं, शर्यत संपल्यावर रिकाम्या माळावर एकट्याला कसं उदास वाटतं ते सांगितलं. दाराआड पूर्णिमा उभी असते हे ठाऊक असल्यानं, शामूच्या अजिबात कामाच्या नव्हत्या अशाही काही गोष्टी त्यानं शामूला सांगितल्या. पूर्णिमाला तो आवडला तो तिथंच. शामू आधी नुसते कान हलवू लागला, मग रवंथ करू लागला, मग आवाज ऐकताच सरळ आडवा होऊ लागला. गव्हाणीवर मारुतीरावांचाही डोळा लागू लागला.

पण शर्यतीच्या दिवशी युवराज माइकवरून "सुटलीऽऽ" म्हणाला, तेव्हा बाकीच्या गाड्या सुटल्या आणि शामूनं तिथल्या तिथं बसकण मारली.

"मला घरात गप आणि माळावर पळणारा बैल पायजे," मारुतीराव कडाडले.

पूर्णिमानं पुढचा धडा काढला. फेटा बांधून युवराज बोलला की शेपूट पिरगळायची, बोडक्यानं बोलला की काही करायचं नाही. आठवडाभर युवराज फेटा बांधत आणि सोडत राहिला. फेटा दिसला की दावं दोन्ही हातांनी आवळायचं, हे काम मारुतीरावांकडं. शामू हुशार गडी, त्याला फरक कळला. तो पास झाला आणि लग्नाची तारीख धरली.

पत्रिका छापून झाल्यावर युवराजच्या ध्यानात आलं, की नवरदेवाला फेटा लागतो.

"बोडक्या नवऱ्याला पोरगी दिली म्हणून भावकी हसंल," म्हणत मारुतीरावांनी शामूला टेम्पोत घालून खानापूरला बहिणीकडं पाठवला. शेजारपाजारचे बैलही माळापलीकडं नेऊन बांधले. आता उधळायला काही उरलंच नव्हतं, आणि युवराजला किती तरी दिवसांनी धड झोप लागली.

मांडव भरला. नाव घ्यायची वेळ खरं तर अक्षतांनंतरची, पण माइकवाल्या नवऱ्याला बायका कशाला सोडतात? कुणीतरी माइक पुढं केला. युवराजनं फेटा सावरला, घसा खाकरला आणि तोंड उघडलं.

आवाज फुटायच्या आतच मारुतीराव उठले. खुर्ची उलटली, ताशेवाला ताशासकट आडवा झाला, अक्षतांचं ताट उडालं. मांडव ओलांडून ते अंगणात पोचले आणि रिकामा खुंटा दोन्ही हातांनी आवळून बसले.

सगळा मांडव वळून अंगणाकडं बघू लागला. काही उधळलं तर सोयरीक मोडली, ही अट सगळ्या गावाला माहीत होती.  युवराजनं पूर्णिमाकडं बघितलं. तिनं फक्त आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

त्यानं फेटा काढून तिच्या हातात दिला आणि बोडक्यानंच जाऊन सासऱ्याशेजारी मातीत बसला.

"मामा, शामू खानापूरला हाय."

"ठावं हाय मला."

"मग धरलंय काय?"

मारुतीरावांचे डोळे भरले होते. "कायतरी धरावं म्हटलं," ते म्हणाले. "पोरगी तर सुटलीच की हातातनं."

 युवराज गोठ्यातल्या संध्याकाळच्या आवाजात, हळूच म्हणाला, "गव्हाणीत कडबा, खुंट्याला दावं, पूर्णिमाचं नाव घेतो, मामांनी उठावं."

मारुतीरावांच्या मुठी सैल झाल्या. मान युवराजच्या खांद्यावर कलली.

"ऐकू न्हाय आलं," मांडवातून बायका म्हणाल्या. "परत घ्या, मोठ्यानं."

पूर्णिमा फेटा पोटाशी धरून जवळ आली होती. तिनं वाकून वडिलांकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "आप्पांचा डोळा लागलाय."